न्यूयॉर्क-लंडन: जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा का?

न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो यांच्यातील सर्वांत कमी अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर आहे. हे अंतर पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजलेले असल्यामुळे सपाट नकाशावर हा मार्ग न्यूफाउंडलंडकडे उगाच वळसा घेतल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तोच जवळचा. मात्र लंडनला साडेसहा-सात तासांत पोहोचणाऱ्या विमानाला परतताना साडेसात ते आठ तास लागतात.

पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून असे होते, हे स्पष्टीकरण सर्रास ऐकू येते. विमानाखालून पृथ्वी खरोखरच अशी निसटत असती, तर उलट पश्चिमेकडचा प्रवासच लवकर उरकला असता! वातावरण पृथ्वीबरोबरच फिरत असते, त्यामुळे तसे काही घडत नाही. परिवलनाचा संबंध आहे तो आडवळणाने. उष्ण कटिबंध आणि ध्रुवीय प्रदेश यांच्या तापमानातील तफावतीमुळे उंचावरील हवा ध्रुवाकडे सरकू पाहते, परिवलनामुळे ती पूर्वेकडे वळते आणि साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकी विमाने उडतात तिथे, जेट प्रवाह नावाचा वेगवान वारा तयार होतो. हिवाळ्यात ही तफावत वाढते आणि वाराही जोर धरतो.

विमानाचा वेग असतो तो भोवतालच्या हवेच्या सापेक्ष. जमिनीवरील अंतर किती लवकर कापले जाईल, हे त्यात वाऱ्याची भर पडते की घट होते यावर ठरते. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचले. जमिनीच्या सापेक्ष त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. त्या उंचीवर ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो, तरीही विमानाने ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती, कारण हवेतून ते नेहमीच्याच वेगाने चालले होते.

जाताना मिळालेला फायदा येताना फिटतो, असे वाटेल. गणित तसे नाही. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानाला ताशी १५० किलोमीटरचा वारा लागला, तर जाताना ५ तास १७ मिनिटे आणि येताना ७ तास २४ मिनिटे लागतील, म्हणजे एकूण १२ तास ४१ मिनिटे. वारा नसता तर १२ तास २० मिनिटे पुरली असती. प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक वेळ राहते, म्हणून तोटा नेहमी वरचढ ठरतो.

तो कमी करण्यासाठी अटलांटिकवरील मार्ग रोज वाऱ्याचा अंदाज पाहून नव्याने आखले जातात: रात्री पूर्वेकडे जाणाऱ्यांचे कॅनडातील गँडर येथून, दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांचे स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथून. पूर्वेकडचे मार्ग शक्यतो जेट प्रवाहाच्या आत ठेवतात. पश्चिमेकडची विमाने मात्र कधीकधी त्याला टाळत बरीच उत्तरेकडून जातात, आणि काही किलोमीटर जास्त उडूनही लवकर पोहोचतात.