शीला शेरलॉक यांचे यकृतरोगविषयक संशोधन

शेरलॉक, शीला : (३१ मार्च १९१८ – ३० डिसेंबर २००१). ब्रिटिश यकृतरोगतज्ज्ञ व संशोधक. जन्म डब्लिन येथे. एडिंबरो विद्यापीठातून १९४१ मध्ये वैद्यकाची पदवी घेतल्यावर त्यांनी लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात जॉन मॅकमायकल यांच्या हाताखाली काम सुरू केले. १९५९ मध्ये त्या रॉयल फ्री रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात वैद्यकशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. ब्रिटनमध्ये या विषयाचे प्राध्यापकपद मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत.

शेरलॉक यांनी काम सुरू केले तेव्हा यकृतरोगाचे निदान मुख्यतः बाह्य लक्षणे आणि रक्त-लघवीच्या मोजक्या चाचण्या यांवरून करावे लागे. यकृताची प्रत्यक्ष अवस्था बहुधा शवविच्छेदनातच दिसे. साध्या काविळीचे रुग्ण सहसा बरे होत असल्याने त्यांचे यकृत तपासण्याची संधीच मिळत नसे. पित्तनलिकेच्या तोंडाशी श्लेष्म्याचा बोळा अडकून ही कावीळ होते, हा जुना समज इतकी वर्षे टिकून राहिला तो बहुधा याच कारणाने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काविळीचे रुग्ण वाढले आणि प्रश्न निकडीचा झाला. यकृतात सुई घालून ऊतीचा बारीक तुकडा काढण्याची पद्धत कोपनहेगनच्या इव्हर्सन व रोहोल्म यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केली होती. तिच्या आधारे डिबल, मॅकमायकल आणि शेरलॉक यांनी १९४३ मध्ये तीन प्रकारच्या काविळीचा तौलनिक अभ्यास मांडला : साथीची, आर्सेनिकयुक्त औषधांच्या उपचारादरम्यान उद्भवणारी आणि रक्तद्रव टोचल्यानंतर होणारी. तिन्हींत यकृतातील बदल सारखेच दिसले आणि बिघाड पित्तनलिकेत नसून खुद्द यकृतपेशींत असल्याचे स्पष्ट झाले. पुढील सर्व कामाचा पाया या निबंधात आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. कारण रुग्ण जिवंत असताना, आजाराच्या निरनिराळ्या टप्प्यांवर ऊती पाहायची, ही शेरलॉक यांची कायमची रीत झाली.

यकृत व पित्तमार्गाच्या रोगांवरील त्यांचा पाठ्यग्रंथ १९५५ मध्ये निघाला. त्याच्या पहिल्या आठ आवृत्त्या त्यांनी एकटीने लिहिल्या.

यकृताच्या दीर्घ आजारात काही रुग्णांना भ्रम होतो, हात थरथरतात, गुंगी येते. १९५४ च्या निबंधात शेरलॉक, समरस्किल, व्हाइट व फीअर यांनी या अवस्थेची सविस्तर मांडणी केली. आतड्यांकडचे रक्त पोर्टल नीलेतून यकृतात जाऊन तेथे शुद्ध होण्याऐवजी आडवाटेने थेट शरीरभर फिरू लागले, तर त्यातील नायट्रोजनयुक्त द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचतात, हे त्यांचे स्पष्टीकरण आजही मुळात मान्य आहे. उपचार मात्र बदलले. त्या काळी आहारातील प्रथिने काटेकोरपणे कमी करीत. आता तसे करीत नाहीत, कारण कुपोषणाने असे रुग्ण अधिकच खालावतात.

शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटते, अशा दीर्घकालीन यकृतशोथावर (यकृताच्या दाहावर) प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड औषध उपयोगी पडते का, हे कुक, मलिगन व शेरलॉक यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियंत्रित चाचणीत तपासले. औषध घेणाऱ्या २२ रुग्णांपैकी ३, तर न घेणाऱ्या २७ पैकी १५ दगावले. चाचणी लहान होती, तरी एवढी तफावत दुर्लक्षिण्याजोगी नव्हती आणि या रोगात स्टेरॉइड देण्याची पद्धत रुजली.

यकृतातील सूक्ष्म पित्तनलिका हळूहळू नष्ट करणारा एक रोग प्रामुख्याने मध्यमवयीन स्त्रियांत आढळतो. पित्तमार्गातील अडथळ्याच्या शंकेने अशा रुग्णांवर पूर्वी विनाकारण शस्त्रक्रिया होत. वॉकर, डोनिआक, रॉइट व शेरलॉक यांनी १९६५ मध्ये दाखवले की, या रुग्णांच्या रक्तात मायटोकाँड्रिया या पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या घटकांविरुद्धची प्रतिद्रव्ये (अँटिबॉडी) सापडतात, तर पित्तमार्गातील अडथळ्याच्या रुग्णांत ती क्वचितच असतात. ही रक्तचाचणी जगभर रूढ झाली. आज प्रतिद्रव्ये आढळली आणि त्याबरोबर रक्तातील अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर दीर्घकाळ वाढलेले असले, तर बहुतेक रुग्णांत या रोगाच्या निदानासाठी यकृतात सुई घालावी लागत नाही.