स्टार्टरचा रिलीव्हर होणे (बेसबॉल)

बेसबॉलमध्ये सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरने (फलंदाजाकडे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने), म्हणजे स्टार्टरने, कारकिर्दीच्या उत्तरार्धात ती जागा सोडून रिलीव्हर होण्याची प्रथा. रिलीव्हर म्हणजे सामना चालू असताना नऊ डावांपैकी मधल्या किंवा शेवटच्या डावात चेंडू हाती घेणारा पिचर. क्रिकेटशी परिचित वाचकाने एक फरक आधीच ध्यानात घ्यावा. क्रिकेटमधला गोलंदाज दोन-चार षटके टाकून विसावतो आणि कर्णधाराला वाटेल तेव्हा पुन्हा चेंडू घेतो. बेसबॉलमध्ये सामन्यातून काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. त्यामुळे पिचर केव्हा बदलायचा हा मॅनेजरपुढचा, म्हणजे संघाच्या मुख्य प्रशिक्षकापुढचा, रोजचा पेच असतो आणि त्यातूनच या दोन भूमिका वेगळ्या झाल्या.

स्टार्टरची पाळी आता साधारण दर पाचव्या दिवशी येते. तेच फलंदाज त्याच्यासमोर एका सामन्यात दोन-तीनदा येतात, म्हणून त्याच्याजवळ तीन-चार तऱ्हेचे चेंडू असावे लागतात. रिलीव्हरला बहुधा एखादाच डाव टाकायचा असल्याने दोन हुकमी चेंडूंवर भागते आणि ताकद राखून ठेवण्याचे कारण उरत नाही. मात्र त्याला लागोपाठ दोन-तीन दिवसही बोलावणे येऊ शकते. कधी बुलपेनमधला, म्हणजे रिलीव्हरांच्या बसण्याच्या जागेतला, फोन वाजतो, तो उठून खांदा मोकळा करतो, वीस-पंचवीस चेंडू टाकतो आणि तेवढ्यात डाव संपून पुन्हा बाकावर बसतो. हे श्रम कोणत्याही तक्त्यात नोंदले जात नाहीत.

रिलीव्हर जिथे बसतात व सराव करतात त्या जागेला बुलपेन म्हणतात. या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. सर्वांत लोकप्रिय कथा तंबाखूच्या जाहिरातीची आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपासून अनेक मैदानांच्या कुंपणांवर ‘बुल डरहॅम’ या तंबाखूचे बैलाचे चित्र असलेले भव्य फलक होते, त्यांच्या सावलीत राखीव पिचर अंग मोकळे करीत आणि त्यावरून नाव पडले, असे सांगतात. कथा देखणी असली तरी कालक्रमात बसत नाही. हा शब्द १८७७ मध्येच सिनसिनाटीच्या एका वृत्तपत्रात मैदानाच्या संदर्भात आला आहे. तिथे त्याचा अर्थ स्वस्त तिकिटावर उशिरा आत घेतलेल्या प्रेक्षकांना दोर लावून कोंडण्याची जागा असा होतो. त्याही आधी अमेरिकेत कच्च्या कैदखान्याला बुलपेन म्हणत, आणि यादवी युद्धाच्या काळात तो अर्थ चांगलाच रुळलेला होता. मॅनेजर केसी स्टेंगल यांच्या नावावर तिसरी उपपत्ती आहे : बाकावर बसून गप्पा हाणणाऱ्या पिचरांची कटकट नको म्हणून त्यांना दूर बसवले आणि फोल बडबडीला ‘बुल’ म्हणत असल्याने त्या जागेला हे नाव मिळाले. ही उपपत्ती विनोद म्हणूनच घ्यावी. कैदखाना, मग प्रेक्षकांचा कोंडवाडा आणि शेवटी पिचरांची जागा हा क्रम त्यातल्या त्यात ग्राह्य वाटतो. जाहिरातीच्या फलकांनी आधीच असलेला शब्द पक्का केला असेल, एवढेच म्हणता येते.

आरंभीच्या बेसबॉलमध्ये रिलीव्हर असा वर्गच नव्हता. बदलीवर कडक निर्बंध असल्याने थकलेला पिचर क्षेत्ररक्षणाला जाई आणि तिथला गडी चेंडू टाकायला येई. १८९०च्या सुमारास बदलीची मुभा मिळाली, तरी सुरू केलेला सामना स्वतः संपवणे हीच स्टार्टरची इभ्रत मानली जात राहिली. पहिला नामांकित रिलीव्हर म्हणून १९२४च्या विजेत्या वॉशिंग्टन संघातील फर्पो मारबेरी याचे नाव बहुधा घेतले जाते. निर्णायक प्रसंगी बडे स्टार्टरही मध्येच चेंडू घेत. १९२६च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अमेरिकेतील अंतिम विजेतेपदाच्या मालिकेत, ३९ वर्षांच्या ग्रोव्हर क्लीव्हलँड अलेक्झांडरने आदल्याच दिवशी पूर्ण सामना टाकला होता. तरी सातव्या सामन्यात तिन्ही बेस (धाव पुरी करण्याच्या वाटेवरचे टप्पे) प्रतिस्पर्धी धावपटूंनी भरलेले असताना मैदानात उतरून त्याने टोनी लाझेरीला बाद केले. पण ही प्रसंगापुरती मदत होती, याला भूमिका बदलणे म्हणता येत नाही. सॅचेल पेज हा जवळचा दाखला. वर्णभेदामुळे तो बेचाळिशीत मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, पोहोचला आणि पुढे सेंट लुइस ब्राउन्सकडून मुख्यतः रिलीव्हर म्हणून खेळला.

तेव्हाच्या समजुतीनुसार बुलपेन ही उतरणीची जागा होती : नवशिके, दुखापतींतून उठलेले आणि स्टार्टर म्हणून न टिकलेले. ही समजूत बदलायला हिशेबाची एक नवी रीत कारणीभूत ठरली. १९५९ मध्ये पिट्सबर्गचा रिलीव्हर एल्रॉय फेसच्या नावावर १८ विजय आणि एकच पराभव नोंदला गेला. शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांच्या मते हा आकडा फसवा होता, कारण त्यातले काही विजय त्याने स्वतः आघाडी गमावल्यावर सहकाऱ्यांच्या फटक्यांनी पदरात पडले होते. त्यावर त्यांनी ‘सेव्ह’ ही नोंद सुचवली आणि १९६९ मध्ये ती अधिकृत झाली. आजच्या नियमाचा सर्वपरिचित भाग असा : आघाडी तीन धावांपेक्षा अधिक नसताना येऊन किमान एक पूर्ण डाव टाकणाऱ्या आणि ती आघाडी शेवटपर्यंत राखणाऱ्या पिचरला सेव्ह मिळते. बाकी पोटकलमे क्लिष्ट आहेत. रिलीव्हरला मोलभाव करायला एक आकडा मिळाला, हा खरा परिणाम.

या प्रथेचे प्रमाण उदाहरण म्हणजे डेनिस एकर्स्ली (जन्म ३ ऑक्टोबर १९५४). क्लीव्हलँडकडून १९७७ मध्ये त्याने प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट (फटका मारून सुखरूप बेस गाठणे) न देता सामना जिंकला आणि बॉस्टनकडून १९७८ मध्ये २० विजय मिळवले. १९८६ मध्ये शिकागो कब्जकडे त्याची कामगिरी ६ विजय, ११ पराभव अशी घसरली. त्या हंगामानंतर त्याने मद्यपानाच्या व्यसनावर उपचार घेतले, हे त्याने स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. एप्रिल १९८७ मध्ये तो ओकलंडला आला. मॅनेजर टोनी ला रुसा व पिचिंग कोच डेव्ह डंकन यांनी त्याला बुलपेनमध्ये बसवले तेव्हा ही पदावनती आहे असेच त्याला वाटले. संघाचा क्लोजर, म्हणजे शेवटचा डाव टाकणारा जे हॉवेल, दुखापतग्रस्त झाल्यावर ती जागा त्याच्याकडे आली. तंत्राच्या बाजूने पाहता निर्णय बिनतोड होता. एकर्स्लीचा हात बाजूने येई, त्यामुळे उजव्या फलंदाजांना चेंडू उशिरा दिसे आणि डावऱ्यांना लवकर. एका डावापुरते आणले तर डावरे वाट्याला कमी येत. नेमकेपणा तर विलक्षण होता : १९८९ व १९९० या दोन हंगामांत मिळून १३१ डावांत त्याने फक्त सात वॉक (चार चेंडू बाहेर पडल्याने फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस) दिले.

१९८८ मध्ये त्याच्या ४५ सेव्ह झाल्या. पण त्या वर्षीचा लोकांच्या लक्षात राहिलेला क्षण १५ ऑक्टोबरचा आहे. वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, नववा डाव, ओकलंड ४–३ पुढे आणि दोन बाद. एवढे अचूक चेंडू टाकणाऱ्या माणसाने माइक डेव्हिसला वॉक दिला. मग दोन्ही पाय दुखावलेला कर्क गिब्सन लंगडत फलंदाजीला आला. तीन बॉल (बाहेर पडलेले चेंडू), दोन स्ट्राइक (फलंदाजाच्या विरोधात मोजलेले चेंडू; तीन झाले की तो बाद) झाल्यावर एकर्स्लीने स्लायडर, म्हणजे शेवटी बाजूला सरकणारा चेंडू, टाकला, गिब्सनने तो प्रेक्षकांत भिरकावला आणि त्याचा संघ डॉजर्स ५–४ जिंकला. या स्थितीत तो डावऱ्याला हाच चेंडू टाकतो अशी सूचना संघाच्या हेराने दिली होती, असे गिब्सनने नंतर सांगितले. सामना तिथेच संपवणाऱ्या अशा होमरनला (चेंडू थेट कुंपणापलीकडे जाणाऱ्या फटक्याला) रूढ झालेला ‘वॉक-ऑफ’ हा शब्द मुळात एकर्स्लीचाच मानतात. त्याच्या बोलीत तो मान खाली घालून मैदान सोडणाऱ्या पिचरविषयी होता. आज तो जल्लोष करणाऱ्या फलंदाजासाठी वापरला जातो.

एका डावाचा क्लोजर ही ला रुसा यांची निर्मिती, असे सर्रास लिहिले जाते. दुसऱ्या मतानुसार मान शिकागो कब्जचे मॅनेजर हर्मन फ्रँक्स यांचा, कारण १९७९ मध्ये त्यांनी ब्रूस सटरला मुख्यतः आघाडी असतानाच आणण्याचे धोरण ठेवले. आकडे पाहता दोन्ही दावे थोडे सैल करावे लागतात. सटरने त्या वर्षी ६२ सामन्यांत १०१ हून अधिक डाव टाकले. न्यूयॉर्क यांकीजचा डेव्ह रिगेटी हादेखील मूळचा स्टार्टर. १९८३ मध्ये एकही हिट न देता सामना जिंकूनही पुढच्या वर्षी त्याला बुलपेनमध्ये पाठवले गेले. १९८६ मध्ये त्याच्या ४६ सेव्ह झाल्या, त्या ७४ सामने व सुमारे १०७ डावांत. एकर्स्लीचे १९८८ मध्ये ६० सामन्यांत ७२ हून अधिक डाव होतात. म्हणजे दर सामन्यामागे दीडहून अधिक डावांवरून गाडी सव्वा डावावर आली, पण एकावर नाही. ला रुसा–डंकन जोडीने शोध लावला असे न म्हणता घडी बसवली असे म्हणणे रास्त. सातव्या-आठव्या डावासाठी रिक हनीकट, जीन नेल्सन अशी माणसे त्यांच्या हाताशी होती, म्हणून शेवटचा माणूस शेवटासाठी राखता आला.

१९९२ मध्ये ५१ सेव्हसह एकर्स्लीला वर्षातील उत्कृष्ट पिचरचा साय यंग पुरस्कार व सर्वोत्तम खेळाडूचा मान दोन्ही मिळाले. १९७ विजय व ३९० सेव्ह या शिदोरीवर २००४ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर बेसबॉलपटूंच्या गौरव-दालनात, स्थान मिळाले.

जपानमध्ये हीच वाट युताका एनात्सु याने आधी चोखाळली. हानशिन टायगर्सचा हा डावरा स्टार्टर १९६८ मध्ये एका हंगामात ४०१ फलंदाजांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकांवर बाद) करून गेला होता. नानकाई संघात आल्यावर खेळाडू-मॅनेजर कात्सुया नोमुरा यांनी त्याला १९७७ मध्ये रिलीव्हर केले. बेसबॉलमध्ये क्रांती करू, असे सांगून त्यांनी त्याचे मन वळवल्याची आठवण प्रसिद्ध आहे. १९७९च्या जपान सिरीजच्या सातव्या सामन्यात हिरोशिमाकडून खेळताना ४–३ अशी आघाडी, नववा डाव, तिन्ही बेस भरलेले आणि एकही बाद नाही, अशा कोंडीतून त्याने संघाला बाहेर काढले. त्यात प्रतिस्पर्ध्याने चेंडू हलकेच अडवून धाव चोरण्याचा घाट घातला, तेव्हा तिसऱ्या बेसवरचा गडी पळतो आहे हे जाणून त्याने कर्व्ह, म्हणजे वळणारा चेंडू, बाहेर टाकला. फलंदाज चुकला आणि पळणारा मध्येच सापडला. तो डाव जपानमध्ये ‘एनात्सुचे २१ चेंडू’ म्हणून ओळखला जातो.

उलट प्रवास विरळा. अटलांटाचा जॉन स्मोल्ट्झ १९९६चा साय यंग विजेता स्टार्टर होता. कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे २०००चा हंगाम हुकल्यावर तो २००१ मध्ये बुलपेनमध्ये गेला आणि २००२ मध्ये त्याच्या ५५ सेव्ह झाल्या. २००५ मध्ये, ३८ व्या वर्षी, तो पुन्हा स्टार्टर झाला आणि त्या हंगामात १४ सामने जिंकला. २०० हून अधिक विजय आणि १५० हून अधिक सेव्ह नावावर असलेला तो एकमेव पिचर आहे.