पार्श्वभूमी : कंट्रोलरची थरथर आणि ती काढून घेतल्याचं प्रकरण

ॲस्ट्रोज प्लेरूम या गेममधला तो छोटा रोबो वाळूत उतरवला की तळहाताला खरखर लागते, पत्र्यावर नेला की टकटक. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरचं कौतुक झालं ते मुख्यतः यासाठी. जाहिरातीतला शब्द होता ‘हॅप्टिक फीडबॅक’, आणि सूर असा की जुनं व्हायब्रेशन म्हणजे भलतीच, मागासलेली जात. ते जुनं व्हायब्रेशन वीस वर्षं जवळपास होतं तसंच का राहिलं, हा प्रश्न जाहिरातीत येत नाही. त्याचं उत्तर शोधताना स्पंदनाचं शास्त्र थोडं आणि कोर्टकचेरी बरीच लागते.

आरंभीचा काळ पटकन उरकतो. १९७६ मधल्या एका आर्केड मोटरसायकल-खेळात टक्कर झाली की हँडल थरथरायचं. घरातल्या टीव्हीपर्यंत ही कल्पना पोहोचायला वीस वर्षं गेली. एप्रिल १९९७ मध्ये जपानात निन्टेंडोच्या स्टार फॉक्स ६४ या गेमसोबत रंबल पॅक आला: पेन्सिल सेलपेक्षाही बारीक अशा दोन सेलवर चालणारा, थरथरणारा एक ठोकळा. तो कंट्रोलरच्या ज्या खाचेत बसायचा, तीच खाच मेमरी कार्डाची. म्हणजे कार्डावर खेळ सेव्ह करायचा तर थरथर उपटून बाजूला ठेवायची. त्याच महिन्यात जपानातच प्लेस्टेशनचा दोन काड्यांचा ड्युअल ॲनालॉग पॅड निघाला. त्यात थरथर आतच बसवलेली होती. गंमत म्हणजे तो अमेरिका-युरोपात गेला तेव्हा व्हायब्रेशन काढून टाकलेलं होतं. मग नोव्हेंबरात जपानात ड्युअलशॉक आला, पुढच्या वर्षी बाहेर गेला, आणि थरथर सगळ्यांनाच मिळाली. हे लक्षात ठेवा, कारण नऊ वर्षांनी त्याच कंपनीने तीच थरथर दुसऱ्यांदा काढली.

आत काय असतं ते एकदा डोळ्यांनी बघावं. व्हिडिओ गेमच्या दुकानात ज्याला सरसकट ‘रिमोट’ म्हणत, तसल्या एका बिननावाच्या स्वस्त पॅडचे स्क्रू मी काढले होते. डाव्या मुठीत छोटी मोटर, तिच्या दांड्यावर अर्धचंद्रासारखं लोखंडी वजन. वजन एका बाजूला झुकलेलं, म्हणून फिरलं की मोटर हिसके देते आणि मूठ थरथरते. उजव्या मुठीत मोटरसाठी जागा केलेली होती, मोटर नव्हती. दुकानदाराने ‘डबल व्हायब्रेशन’ सांगून विकला होता, असो. खऱ्या ड्युअलशॉकमध्ये डावीकडे मोठं वजन, सावकाश घुमणारं; उजवीकडे हलकं, चटपटीत.

या रचनेची अडचण साधी आहे. जोर वाढवायचा तर मोटर जोरात फिरवावी लागते, आणि जोरात फिरवली की थरथरीचा वेगही वाढतो. दोन्ही एकाच दोरीला बांधलेले. जड पण मंद घुमणं किंवा हलकं पण बारीक झिणझिणणं, यातलं काही एकाच मोटरीतून हवं तसं निवडता येत नाही. शिवाय वजनाला वेग घ्यायला वेळ लागतो आणि थांबायलाही. त्यामुळे गोळी एक सुटते आणि हाताला ‘घुर्रर्र’ लागतं.

याच सुमाराला शब्दांचाही गोंधळ सुरू झाला. ‘फोर्स फीडबॅक’ म्हणजे उपकरणाने हाताला उलटा जोर लावणं: गाडीचं स्टिअरिंग वळणावर हातातून सुटू पाहतं, तसं. थरथरणारा पॅड कशालाच विरोध करत नाही, नुसता हलतो. तरी खोक्यांवर दोन्ही नावं अदलून-बदलून छापली जात. ‘हॅप्टिक’ हा ग्रीक मुळाचा शब्द, अर्थ स्पर्शासंबंधी. त्यामुळे १९९७ चा रंबल पॅकसुद्धा हॅप्टिकच ठरतो. पुढे निन्टेंडोच्या स्विच कन्सोलने मिरवलेल्या ‘एचडी रंबल’ या नावातलं एचडी तर निव्वळ टीव्हीच्या खोक्यावरून उचललेलं आहे.

आता मूळ तंटा. फेब्रुवारी २००२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या कंपनीने दोन बड्या कन्सोल कंपन्यांवर (एक्सबॉक्सवाली अमेरिकी मायक्रोसॉफ्ट आणि प्लेस्टेशनवाली जपानी सोनी) दावा ठोकला. हातात पेटंट होती स्पर्शाची जाणीव देणाऱ्या उपकरणांची. ही पेटंट तिच्या घरची नव्हती. संगणकी हातमोजे बनवणारी दुसरी एक कंपनी तिने २००० मध्ये विकत घेतली, तिच्यासोबत ती आली. बोटांवर छोट्या मोटरी बसवून आभासी वस्तू ‘लागायला’ लावायची, असा तो विचार. कोर्टात त्याचा ताणून अर्थ झाला: फिरतं वजन, थरथर, संगणकाचा इशारा, म्हणजे ड्युअलशॉक आलाच त्यात. हे ताणणं मला तरी पटत नाही, पण ज्युरीला पटलं.

दोन प्रतिवादींपैकी अमेरिकी कंपनीने २००३ मध्येच मिटवलं. २ कोटी ६० लाख डॉलर मोजले, त्यात परवाना आणि दावा करणाऱ्या कंपनीतला थोडा हिस्सा दोन्ही आलं. करारात एक चलाख अट होती: उद्या तुम्ही जपानी कंपनीशी मिटवलंत, तर त्यातलं काही आम्हाला द्यायचं. जपानी कंपनी लढत राहिली. सप्टेंबर २००४ मध्ये ज्युरीने ८ कोटी २० लाख डॉलरची भरपाई ठरवली. २००५ मध्ये न्यायाधीशांनी ती व्याजासह ९ कोटी ७ लाखांवर नेली आणि प्लेस्टेशन व प्लेस्टेशन २ च्या अमेरिकेतल्या विक्रीवर मनाई हुकूम काढला. अपील होईपर्यंत हुकूम स्थगित राहिला, पण तलवार टांगलेलीच होती.

या पार्श्वभूमीवर मे २००६ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात प्लेस्टेशन ३ चा सिक्सॲक्सिस पॅड दाखवला गेला. हात हलवला की ओळखणारे सेन्सर त्यात होते, व्हायब्रेशन नव्हतं. कंपनीचं कारण असं की थरथरीमुळे सेन्सरच्या मापनात गडबड होते. कोर्टाचा त्यात उल्लेख नाही.

हे कारण निव्वळ थाप होतं असं म्हणता येत नाही. हालचाल मोजणारा सेन्सर शेवटी धक्केच मोजतो. हात हलला आणि मोटर हलली, त्याला दोन्ही सारखेच. पण माणूस मनगट सेकंदाला फार तर आठ-दहा वेळा हलवू शकतो, मोटरचे हिसके त्याच्या कितीतरी पट वेगाचे असतात. गाळणी लावून दोन्ही वेगळे काढणं इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यालाही जमण्यासारखं आहे. पेटंटवाल्या कंपनीने तर जाहीरपणे सांगितलं, अडचण तांत्रिकच असेल तर आम्ही सोडवून देतो. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बाजारात आलेल्या वी कन्सोलचा रिमोट हालचालही ओळखत होता आणि थरथरतही होता. सिक्सॲक्सिस मात्र हातात इतका हलका लागायचा की रिकामं खोकं धरल्यासारखं वाटे.

फेब्रुवारी २००७ मध्ये कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याने मुलाखतीत सांगितलं की व्हायब्रेशन ही मागच्या पिढीची गोष्ट आहे. मार्चमध्ये दावा मिटला. आधी भरलेले पैसे धरून आकडा १५ कोटी डॉलरच्या वर गेला. सप्टेंबरात टोकियोत ड्युअलशॉक ३ जाहीर झाला: सेन्सर तेच, थरथर परत. मागची पिढी सात महिन्यांत पुढे आली. त्या चलाख अटीवरून अमेरिकी कंपनी आणि पेटंटवाले पुन्हा कोर्टात गेले आणि २००८ मध्ये पेटंटवाल्यांनाच २ कोटी साडेसात लाख डॉलर द्यावे लागले.

या काळाची उत्तम नोंद एका गेममध्येच आहे. १९९८ च्या मेटल गिअर सॉलिडमध्ये मनकवडा खलनायक सांगतो, ‘कंट्रोलर जमिनीवर ठेव, मी मनाच्या शक्तीने हलवतो’, आणि पॅड फरशीवर खडखडत सरकतो. २००८ च्या चौथ्या भागात तो पुन्हा तोच खेळ करू पाहतो. हातात सिक्सॲक्सिस असेल तर पॅड हलत नाही, आणि बिचारा हताश होतो.

इतकं सगळं झालं ते त्या जुन्या अर्धचंद्रासाठी. तो बदलायचं काम फोनवाल्यांनी आधी केलं. स्प्रिंगवर बसवलेलं वजन चुंबकाने पुढे-मागे हलवायचं, गोल फिरवायचंच नाही. क्षणात सुरू, क्षणात बंद. २०१५ मध्ये हे आयफोन ६एसच्या पडद्याखाली होतं. कॉम्प्युटरवरच्या गेमसाठी त्याच वर्षी आलेल्या स्टीम कंट्रोलरच्या टचपॅडखालीही याच जातीचं यंत्र होतं, आणि हौशी लोक त्यावर गाण्यांच्या चाली वाजवत. पेटंटवाली कंपनी २०१६ मध्ये फोनवाल्यांच्याही दारात गेली, तो दावा २०१८ मध्ये मिटला.

कन्सोलमध्ये हे तंत्र मार्च २०१७ च्या स्विचने रुळवलं. जानेवारीतल्या सादरीकरणात उदाहरण दिलं होतं पेल्यातल्या बर्फाच्या खड्यांचं: किती खडे आहेत ते हाताला कळेल. वन-टू-स्विच या गेममध्ये तर न दिसणाऱ्या खोक्यातल्या गोट्या नुसत्या हाताने मोजायच्या होत्या. ते खरंच जमतं. पण स्प्रिंगवरचं वजन ठरावीक स्पंदनालाच चांगलं दाद देतं, आणि बहुतेक गेमनी पुढे तेच घुर्रर्र दिलं. एक्सबॉक्सच्या पॅडमध्ये २०१३ पासून ट्रिगरच्या, म्हणजे तर्जनीने दाबायच्या बटणांच्या, आतही दोन मोटरी आहेत, पण त्या फिरत्या वजनाच्याच. २०२० च्या पॅडमध्येही मोटरी त्याच जातीच्या राहिल्या.

ड्युअलसेन्समध्ये अर्धचंद्राच्या जागी स्पीकरच्या कॉइलसारखं यंत्र आहे, ते बऱ्याच मोठ्या पट्ट्यातली स्पंदनं देऊ शकतं. त्वचेची खोलवरची कंप-संवेदना साधारण २५० हर्ट्झच्या (सेकंदाला २५० स्पंदनांच्या) आसपास सर्वांत तीक्ष्ण असते, आणि ऐकू येणारे कितीतरी आवाज याच भागात असतात. म्हणून गेम बनवणारे आता ‘मोटर इतक्या जोरात फिरव’ असा हुकूम लिहीत नाहीत. पावलाचा, पावसाचा, पत्र्याचा आवाज रेकॉर्ड करून, थोडा तासून, तोच पॅडकडे पाठवतात.

हा पॅड केबलने कॉम्प्युटरला जोडला की ते दिसतं. साउंडच्या यादीत एक नवा चार चॅनेलचा स्पीकर उगवतो. पहिले दोन चॅनेल आवाजाचे, तिसरा आणि चौथा डाव्या-उजव्या मुठीचे. केबल काढून ब्लूटूथवर नेला की ती नोंद नाहीशी होते, आणि कॉम्प्युटरवरचे बहुतेक गेम पुन्हा १९९७ च्या दोन मोटरींची नक्कल करायला लागतात.