एअर मॅट्रेस (बेडसोरसाठीची गादी)

एअर मॅट्रेस म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला बेडसोर होऊ नयेत, किंवा झालेले आणखी चिघळू नयेत म्हणून वापरतात ती हवेची गादी. बेडसोरला शय्याव्रण असा चांगला मराठी शब्द आहे पण बोलताना तो कोणी वापरत नाही.

माणूस तासनतास एकाच कुशीवर पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपलं जातं, बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोचत नाही आणि तो भाग आतून मरायला लागतो. पुस्तकात यासाठी ३२ मिमी पारा हा दाबाचा आकडा देतात, पण वय झालेल्या, अशक्त शरीरात त्याहून कमी दाबही पुरतो. माकडहाड, टाचा, खुबे या जागा सगळ्यात आधी जातात. सुरुवातीला नुसता लाल डाग असतो, बोटाने दाबला तरी फिका न पडणारा (सावळ्या कातडीवर तोही नीट दिसत नाही, मग हात लावून गरम लागतंय का, कडक लागतंय का ते बघायचं).

बेडसोर टाळायच्या गाद्या ढोबळमानाने दोन तऱ्हेच्या. एक चांगल्या फोमची, शरीर थोडं आत घेऊन वजन पसरवणारी. दुसरी पंपवाली, म्हणजे आपली एअर मॅट्रेस, हिच्यात आडव्या नळ्या किंवा बुडबुडे असतात आणि पंप काही मिनिटांनी आळीपाळीने त्यातली हवा भरतो-सोडतो, म्हणजे दाब एका जागी टिकत नाही. पंपवालीच भारी असं सगळे धरून चालतात, पण ब्रिटनमध्ये २०२९ पेशंटवर झालेल्या आणि २०१९ मध्ये छापून आलेल्या चाचणीत चांगल्या फोमपेक्षा ती ठळकपणे सरस ठरली नाही.

खरं तर गादी जखम बरी करत नाही, ती फक्त दाब कमी करते. कूस बदलणं चुकत नाहीच, साधारण दर २ तासांनी, गादी चांगली असेल तर थोडं जास्त अंतर चालतं, पण पेशंटची कातडी बघून ठरवायचं. शिवाय ड्रेसिंग, प्रोटीन, ओलं डायपर लगेच बदलणं हे सगळं लागतंच.

गोची बहुतेक वेळा वापरण्यात होते. पंपाचं बटण पेशंटच्या वजनाप्रमाणे लावलेलं नसतं, गादीवर प्लास्टिक, घडी घातलेली चादर, वर अजून एक गोधडी असे थर चढतात आणि मग नळ्यांचा काही उपयोगच राहत नाही. हवा पुरते का बघायला पेशंटच्या माकडहाडाच्या खाली, गादीच्या तळाशी सपाट हात घालायचा, वर साधारण इंचभर जागा हवी, हाताला थेट हाड लागलं तर गादी तळाला टेकलीय. पलंगाचं डोकं ३० अंशांपेक्षा जास्त उचलून ठेवलं की पेशंट खाली घसरतो आणि कातडी ओढली जाते, तेव्हा जेवण झाल्यावर ते खाली घ्यायचं. आणि ती मधे भोक असलेली रिंग वापरू नये, भोकाच्या कडेला दाब वाढतो. टाचांसाठी कुठलीच गादी पुरत नाही, पोटरीखाली उशी देऊन त्या अधांतरी ठेवाव्या लागतात.