गाडी सुरू होत नाही? सेल्फ मारून आधी आवाज ऐका

सकाळी गाडी सुरू झाली नाही की बरेच जण चावी फिरवतच राहतात. कृपया तसे करू नका. सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) एका वेळी पाच-सात सेकंदच मारा आणि मग अर्धा मिनिट थांबा. सेल्फची मोटर प्रचंड करंट ओढते. सलग मारत राहिलात तर ती तापते आणि उरलीसुरली बॅटरीही बसते. एसीचा पंखा, रेडिओ, दिवे बंद करा, एकदाच चावी फिरवा आणि कान देऊन ऐका.

टक-टक-टक वाजते

सोबत डॅशबोर्डचे दिवेही मंदावत असतील तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल (बॅटरीवरचा वायरचा जोड) सैल झाले आहे. बॉनेट उघडून टर्मिनल हाताने हलवून पाहा. हलले तर १० नंबरच्या पान्याने आवळा. बहुतेक गाड्यांना हाच पाना लागतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर आधी काळी वायर सोडा, मग लाल. कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा आणि कोरडे पुसा. जोडताना आधी लाल, शेवटी काळी. हा क्रम चुकवू नका: काळी जोडलेली असताना लाल सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर मोठी ठिणगी उडते.

घरी मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली घसरत असेल तर ती चार्ज करा. चार्ज करूनही घसरला तर बॅटरी बदलायला झाली.

दिवे लख्ख आहेत आणि नुसते एकदाच ‘खट्’ होते? मग दोष बहुधा सेल्फमध्ये आहे, सोलेनॉइड (सेल्फला वीज जोडणारा स्विच) किंवा कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे). नवी बॅटरी घेण्याची घाई करू नका.

दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडताना

लाल केबल आधी बंद गाडीच्या प्लसला, मग चालू गाडीच्या प्लसला. काळी चालू गाडीच्या मायनसला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनवरील उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो, म्हणून शेवटची ठिणगी तिच्याजवळ नको. पाच मिनिटे थांबून सेल्फ मारा. केबल काढताना उलटा क्रम.

काहीच आवाज येत नाही

ऑटोमॅटिक गाडी ‘पी’ किंवा ‘एन’वर आहे ना? ब्रेक, मॅन्युअलमध्ये क्लच पूर्ण दाबला आहे ना? पुश बटणाच्या गाडीत रिमोटचा सेल संपला असेल तर रिमोट बटणालाच टेकवून दाबा. बऱ्याच गाड्या तशा सुरू होतात.

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही

म्हणजे बॅटरी ठीक आहे. अडचण इंधनात किंवा स्पार्कमध्ये. चावी ‘ऑन’वर नेल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घरघर ऐकू येते का? तो टाकीतला पेट्रोलचा पंप. ऐकू येत नसेल तर त्याचा फ्यूज आणि रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) आधी पाहा.

सीएनजीवाल्यांनी हे जरूर वाचा. बऱ्याच सीएनजी गाड्या सुरू होतात पेट्रोलवरच, नंतर गॅसवर जातात. गॅस स्वस्त म्हणून पेट्रोलची टाकी कोरडी ठेवली की सकाळी गाडी पकडत नाही. पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. कोरडा फिरला की जळतो आणि पंपाचा खर्च वाचवलेल्या पेट्रोलच्या कितीतरी पट असतो. पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा आणि आठवड्यातून एकदा चार-पाच किलोमीटर पेट्रोलवर चालवा, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टरही चिकटत नाहीत.

डिझेल गाडीत डॅशबोर्डवरचा कॉइलच्या (वेटोळ्याच्या) चिन्हाचा पिवळा दिवा विझल्यावरच सेल्फ मारा.

गाडी पाण्यात उभी होती

पाणी बंपरच्या वर आले असेल तर सेल्फ एकदाही मारू नका. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन त्यावर आदळतो आणि त्याला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. मग इंजिन खोलावेच लागते. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा धरत नाहीत, त्यासाठी वेगळे इंजिन संरक्षण घेतलेले असावे लागते. बॅटरीची काळी वायर सोडा आणि गाडी टो करूनच आणा.

आम्हाला फोन करताना

आवाज कसा येतो, दिवे मंदावतात का, इंधन किती आहे, बॅटरी किती वर्षांची आणि गाडी किती दिवस उभी होती, एवढे सांगा. सेल्फचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवलात तर लागणारा पार्ट मेकॅनिक सोबतच घेऊन निघेल.