घटपर्णी : घरातील लागवड

घटपर्णी (नेपेंथिस) या कीटकभक्षक वेलीची कुंडीत किंवा काचपेटीत केलेली जोपासना; येथे ती सोलापूरच्या हवामानाच्या संदर्भात दिली आहे. कुल नेपेंथेसी. बहुतेक जाती आग्नेय आशियातील असून भारतात नेपेंथिस (ने.) खासियाना ही एकच जाती मेघालयात आढळते. तिचा संकटग्रस्त जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटीस कराराच्या पहिल्या परिशिष्टात समावेश असल्याने रानातून उपटलेली रोपे घेणे टाळावे.

कीटक पकडणारा सुरईसारखा घट म्हणजे पानाचा नेमका कोणता भाग, याविषयी मतभेद आहेत. मध्यशिरेच्या टोकावरील ग्रंथीपासून घट विकसित होतो, असे ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जे. डी. हूकर यांनी १८५९ मध्ये मांडले. पुढील अनेक आकारवैज्ञानिकांनी (वनस्पतींच्या आकाररचनेच्या अभ्यासकांनी) घट हेच खरे पाते मानले. पात्यासारखा दिसणारा चपटा भाग त्यांच्या मते रुंदावलेला पर्णतल (पानाचा बुडाकडील भाग) होय. हे मत अधिक ग्राह्य वाटते. कोणतेही मत धरले तरी वाढीचा क्रम बदलत नाही : चपटा भाग आधी पसरतो, तणाव्याच्या (पानापासून पुढे निघणाऱ्या तंतूच्या) टोकावरील घट मागून फुगतो. कोरड्या हवेत हे टोक करपते आणि वेल हिरवीगार असूनही घट धरत नाही.

सोलापुरात अडचण येते ती येथेच. एप्रिल-मेमध्ये पारा ४० से.च्या वर जातो व दुपारची हवा अतिशय कोरडी असते. ने. राजासारख्या उंच डोंगरावरील जातींना रात्री गारवा लागतो; त्या येथे टिकणे कठीण. ने. ॲम्प्युलॅरियासारख्या सखल भागातील जाती उष्णता सोसतात, पण त्यांना काचपेटी हवी, आणि तीही थेट उन्हात नको. नवख्याने रोपवाटिकांत मिळणारा व्हेंट्राटा हा संकर निवडावा. ने. व्हेंट्रिकोझा व ने. अलाटा हे त्याचे पालक मानले जातात. त्यांपैकी दुसरा ने. ग्रॅसिलिफ्लोरा असावा, असे अलीकडील मत आहे. उन्हाळ्यात पाण्याचा कूलर हवेत दमटपणा वाढवतो, वातानुकूलन यंत्र तो घटवते.

बोअरचे क्षारयुक्त पाणी घालू नये. पावसाचे किंवा आरओचे शुद्ध पाणी चालते; आरओतून वाया जाणाऱ्या पाण्यात मात्र क्षार अधिक असतात. परिसरातील काळी माती व शेणखत दोन्ही वर्ज्य. धुतलेले कोकोपीट, स्फॅग्नम शेवाळ व पर्लाइट (उष्णतेने फुगवलेल्या ज्वालामुखी काचेचे हलके कण) यांचे मिश्रण वापरतात. प्रकाशासाठी पूर्वेची खिडकी पुरते.