प्राचीन इजिप्तमधल्या स्त्री-मूर्ती

हातात मावतील एवढ्या स्त्री-मूर्ती इजिप्तमध्ये फॅरोंची राजवट सुरू व्हायच्याही आधीपासून बनायच्या, माती, लाकूड, हस्तिदंत जे मिळेल त्याच्या, आणि पुढे मध्य राज्यात, म्हणजे इ.स.पू. 2000 च्या आसपास, निळ्या चकाकीच्या फायन्सच्या (म्हणजे दळलेल्या गारेपासून भाजून बनवलेल्या, चिनी मातीसारख्या चकचकीत साहित्याच्या). सगळ्यात फेमस ब्रुकलिन म्युझियममधली, इ.स.पू. 3500 च्या सुमाराची, दोन्ही हात वर आणि तोंड पक्ष्याच्या चोचीसारखं, ती नाचतेय, रडतेय की देवीच आहे यावर वाद चालूच आहे.

फायन्सवाल्यांना बऱ्याचदा गुडघ्याखाली पायच नसतात, तुटलेले नाहीत, बनवतानाच तिथे थांबवलंय. कमरेला कवड्यांची माळ, मांड्यांवर गोंदणाचे ठिपके. जुन्या संशोधकांनी त्या कबरीत बघितल्या आणि ठरवूनच टाकलं की ह्या मेलेल्या पुरुषाच्या रखेल्या! पण तशाच मूर्ती बायकांच्या आणि लहान मुलांच्या कबरीतही निघाल्या, शिवाय देर अल-बहारीच्या देवळांत हाथोर देवीपुढे नवसाच्या म्हणून ठेवलेल्या मिळाल्या, मग रखेल कुणाची? ते लेबल एवढी वर्षं टिकलं याचंच नवल वाटतं. बर्लिनमधल्या एका मूर्तीच्या मांडीवर तर सरळ लिहिलंय की तुझी मुलगी सेह हिला मूल होऊ दे. म्हणजे बहुधा गेलेल्या बापाला लेकीसाठी घातलेलं साकडं.

दुसरा उपयोग दुखण्यावरचा. नेदरलँड्समधल्या लायडनच्या एका पपायरसमध्ये, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या जुन्या लिखाणात, पोटदुखीचा मंत्र आहे, तो मातीच्या बाईच्या मूर्तीवर म्हणायचा, मग पोटातलं जे काही असेल ते पेशंटमधून उतरून त्या इसिस देवीच्या मूर्तीत जातं. आपल्याकडच्या उताऱ्यासारखंच म्हणा ना. कर्नाकला मुत देवीच्या देवळाच्या आवारात अशा मातीच्या मूर्ती बऱ्याच मिळाल्या, बहुतेक मधोमध मोडलेल्या, आणि त्यांचा अभ्यास करणाऱ्या एलिझाबेथ वराक्सा यांचं म्हणणं की काम झाल्यावर त्या मुद्दाम मोडून टाकून दिल्या, कारण दुखणं आता त्यांच्यात होतं.

पॅरिसच्या लूव्र म्युझियममधली एक मात्र वेगळीच, रोमन काळातली. गुडघे टेकलेली, हात मागे बांधलेले आणि अंगात 13 सुया. बघून वाटतं कुणाचा तरी सूड, पण सोबतच्या शिशाच्या पत्र्यावर ग्रीकमध्ये प्रेमाचा मंत्र आहे, सारापाम्मोन नावाचा माणूस मागतोय की प्तोलेमाइस माझ्याकडे येईपर्यंत तिला अन्नपाणी गोड लागू नये, झोपही येऊ नये.